आरेखन-फलकाचे विभेदन : एका मापाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकावर चित्र काढणारा मनुष्य काही वर्षांनी आपला जुना फलक बाजूस ठेवून अधिक सूक्ष्म विभेदनाचा नवा फलक घेतो. कलामहाविद्यालये, मुद्राक्षरांचे आरेखन करणाऱ्या संस्था आणि हस्तलिखितांचा अभ्यास करणारे विद्यापीठीय विभाग यांच्यापुढेही हाच प्रश्न वेळोवेळी येतो. या बदलाचे समर्थन बहुधा एका आकड्याने केले जाते. जुन्या फलकावर एका इंचात इतक्या रेषा होत्या, नव्यावर त्याच्या दुप्पट आहेत. जुन्या पडद्यावर इतके चित्रबिंदू होते, नव्यावर चौपट आहेत. आकडा वाढला म्हणजे साधन सुधारले, असे या युक्तिवादात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कोणत्या मर्यादेपर्यंत खरे आहे आणि कोणत्या मर्यादेपलीकडे ते टिकत नाही, याचा निर्णय या साधनाच्या सुमारे साठ वर्षांच्या इतिहासावरून करता येतो काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभीच परिभाषेचा खुलासा करणे इष्ट होय. ‘टॅब्लेट’ हा शब्द आज दोन वेगळ्या वस्तूंना लावला जातो. एक, ज्यावर लेखणी फिरवली असता तिचे स्थान संगणकाला कळते असा पडदाविरहित फलक. आणि दुसरी, ज्याच्या पडद्यावरच लेखणी टेकवता येते असे उपकरण. पहिल्याचे विभेदन म्हणजे लेखणीच्या टोकाचे स्थान किती बारीक पायऱ्यांनी मोजले जाते ते. दुसऱ्यात याखेरीज पडद्याचे विभेदन, म्हणजे एका इंचात किती चित्रबिंदू बसतात, हाही प्रश्न येतो. या दोहोंहून निराळी गोष्ट म्हणजे अचूकता : मोजलेले स्थान प्रत्यक्ष स्थानाच्या किती जवळ आहे, हे तीवरून कळते. एखाद्या पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा कोरलेल्या असाव्यात, परंतु पट्टीच मुळात वाकडी असावी, असे होऊ शकते. तेथे विभेदन सूक्ष्म आणि अचूकता कमी, असे म्हणावे लागेल. बाजारातील वर्णनांत या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात मिसळलेल्या असतात. इतिहासाचा विचार करताना त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. मराठीत ‘जरा’ हा शब्द तालव्य ‘ज’ने उच्चारला तर त्याचा अर्थ वार्धक्य, आणि दंत्य ‘ज’ने उच्चारला तर थोडेसे. लिपीत हा भेद दिसत नाही. कानाला तो स्पष्ट ऐकू येतो आणि त्यावर अर्थ अवलंबून असतो. ज्या ध्वनिमुद्रणात हा भेद हरवतो ते मुद्रण सदोष होय. परंतु हा भेद एकदा स्पष्ट उमटल्यावर त्याच ध्वनीचे दुप्पट वा दसपट सूक्ष्म मापन केल्याने भाषेत नवा स्वनिम निर्माण होत नाही. स्वन अगणित असतात, स्वनिम मोजके. आरेखनाच्या साधनासही हीच कसोटी लावावयाची, तर विचारावयाचे ते असे : हे साधन रेषेतील कोणता अर्थपूर्ण भेद टिपते आणि कोणता गाळते?

२. पूर्वपीठिका

हाताची हालचाल विजेच्या साहाय्याने दूर नेण्याचा विचार संगणकाच्या फार आधीचा आहे. अमेरिकन संशोधक एलिशा ग्रे यांना १८८८ साली ‘टेलॉटोग्राफ’ या यंत्राचे एकस्व मिळाले. एका ठिकाणी लेखणीने लिहिले असता तिच्या हालचालीचे दोन घटक तारेने दुसऱ्या ठिकाणी जात व तेथील लेखणी तेच अक्षर उमटवी. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले होते. हालचाल पाठवणे हे या यंत्राचे कार्य होते. ती मोजणे, साठवणे आणि तिचा अर्थ लावणे या गोष्टी अद्याप पुढेच होत्या.

१९५७ साली बेल प्रयोगशाळेतील टॉम डायमंड यांनी ‘स्टायलेटर’ नावाचे साधन मांडले. हाताने लिहिलेली अक्षरे ओळखणे हा त्याचा हेतू होता. पुढे जानेवारी १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेस ‘स्केचपॅड’ हा आपला प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढता येत असे. या लेखणीस स्वतःचे स्थान ठाऊक नसे. पडद्यावरील उजेड तिला दिसे, आणि संगणक एक लहानसे फुलीचे चिन्ह तिच्या मागोमाग सरकवून तिचा ठाव घेई. शिवाय उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरावा लागे व तो लवकर थकत असे. आडव्या पृष्ठभागावर हात टेकवून काढण्याची मनुष्याची पुरातन सवय या साधनाने जुळवून घेतलेली नव्हती.

३. १९६४ चा फलक : दहा लक्ष बिंदू आणि चार दिशा

या सवयीशी जुळणारे पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे कॅलिफोर्नियातील रँड संस्थेचा फलक होय. एम. आर. डेव्हिस आणि टी. ओ. एलिस यांनी त्याचे वर्णन ऑगस्ट १९६४ च्या अहवालात केले आहे. फलकाचा कामाचा पृष्ठभाग सुमारे दहा इंच लांब व तितकाच रुंद होता. त्याखाली अत्यंत बारीक तांब्याच्या रेषांचे जाळे असून दर इंचास १०० रेषा होत्या. प्रत्येक रेषेतून सांकेतिक स्पंद जात. लेखणी ते टिपून आपले स्थान ओळखी. अशा रीतीने दहा लक्षांहून अधिक स्थाने एकमेकांपासून वेगळी ओळखता येत, आणि एक स्थान ठरवण्यास एका सेकंदाचा सुमारे ४,५०० वा भाग पुरत असे. चित्र मात्र फलकावर उमटत नसे. ते समोरच्या वेगळ्या पडद्यावर दिसे. हात एकीकडे व दृष्टी दुसरीकडे ठेवण्याची ही रीत वापरणारे सहज आत्मसात करतात, असे दिसून आले. पडदाविरहित फलकांवर आजही असंख्य चित्रकार याच रीतीने काम करतात.

दर इंचास १०० रेषा म्हणजे दोन रेषांतील अंतर ०.२५४ मिलिमीटर. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गरज पडेल.

या फलकाच्या इतिहासातील सर्वात बोधप्रद भाग त्याच्या रचनेहून त्याच्या उपयोगात आहे. १९६६ साली रँडमधीलच गॅब्रिएल ग्रोनर यांनी फलकावर लिहिलेली अक्षरे तत्क्षणी ओळखणारी पद्धती मांडली. फलकाकडून येणाऱ्या बिंदूंच्या प्रवाहावर ते प्रथम दोन संस्कार करीत. पहिला, हाताच्या व यंत्राच्या कंपामुळे आलेली खडबड शेजारच्या बिंदूंची सरासरी घेऊन घालवणे. दुसरा, फार जवळजवळ आलेले बिंदू गाळून टाकणे. त्यानंतर उरलेल्या रेषेचे वर्णन लेखणी वर, खाली, डावीकडे की उजवीकडे जात आहे, या केवळ चार दिशांच्या क्रमाने केले जाई. त्यास कोपऱ्यांसारख्या काही खुणांची जोड दिली जाई. दहा लक्ष स्थाने मोजण्याची सोय असताना अक्षराची ओळख मुख्यतः चार दिशांवर होत होती.

यावरून सूक्ष्म फलक निरुपयोगी होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्थूल फलकावर कोपरा व गोलाई यांतील भेदच कळला नसता, आणि काय गाळावे हे ठरवण्यासाठी आधी ते हाती असावे लागते. परंतु विभेदन ही सामग्री आहे, अर्थ नव्हे, हे या पहिल्याच प्रसंगी सिद्ध झाले, असे म्हणावयास हरकत नाही. स्वनांच्या राशीतून स्वनिम निवडण्याचे जे कार्य भाषाशास्त्रज्ञ करतो, त्याच जातीचे हे कार्य होते.

४. सूक्ष्म फलक आणि स्थूल पडदा

१९७० च्या दशकात चित्रकलेसाठी संगणक वापरण्याचे प्रयोग गंभीरपणे सुरू झाले. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी १९७३ साली ‘सुपरपेंट’ ही चित्रप्रणाली कार्यान्वित केली. तिच्या चित्रात ६४० × ४८६ बिंदू असत व एका वेळी २५६ रंग वापरता येत. येथे एक विषमता उत्पन्न झाली. फलकावर हाताची जी बारीक हालचाल मोजली जाई ती पडद्यावर उमटण्यास जागाच नसे. तिरकी रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसे. या काळातील उणीव पडद्याची व स्मृतीची होती. या अवस्थेत केवळ फलक बदलून चित्रकाराच्या पदरी काही पडले नसते.

१९८१ साली इंग्लंडमधील क्वांटेल कंपनीने दूरचित्रवाणीसाठी ‘पेंटबॉक्स’ हे उपकरण आणले. त्यात लेखणीवरील दाब ओळखला जात असे. चित्राचे विभेदन दूरचित्रवाणीच्या चित्राइतकेच होते. तरीही चित्रकारांना या साधनात कुंचल्याची काहीशी खूण पटली, कारण हात दाबला की रंग दाट व्हावा ही त्यांची अपेक्षा प्रथमच पूर्ण होत होती. मोजलेल्या स्थानांची संख्या वाढण्यापेक्षा मोजलेल्या गोष्टींची संख्या वाढणे येथे निर्णायक ठरले. आजवर क्षैतिज व उभे अशी दोनच मापे घेतली जात. आता दाब हे तिसरे माप आले.

याच सुमारास जपानमध्ये वाकॉम ही कंपनी १९८३ साली स्थापन झाली व १९८४ साली तिने तारविरहित लेखणीचा फलक बाजारात आणला. फलकातून निघणाऱ्या विद्युत्-चुंबकीय क्षेत्रामुळे लेखणीतील वेटोळ्यात अनुनाद उत्पन्न होतो आणि त्याच्याच बळावर लेखणी प्रतिसाद देते. म्हणून तिला विद्युत्-घटही लागत नाही. लेखणीचे वजन व तिला जोडलेली तार हे वरवर पाहता गौण तपशील. परंतु तासन् तास काम करणाऱ्या हाताच्या दृष्टीने ते गौण नव्हते.

५. विभेदन आणि अचूकता

वाकॉमच्या व्यावसायिक फलकांचा पुढील इतिहास आकड्यांत सांगता येतो. १९९८ च्या ‘इंट्युऑस’ फलकाचे विभेदन दर इंचास २,५४० रेषा असे होते, म्हणजे दर मिलिमीटरास १००. दाबाच्या १,०२४ पायऱ्या ओळखल्या जात आणि लेखणीचा कलही मोजला जाई. २००४ च्या तिसऱ्या पिढीत रेषा ५,०८० झाल्या. म्हणजे दोन स्थानांतील अंतर ०.००५ मिलिमीटरवर आले. २००९ साली दाबाच्या पायऱ्या २,०४८ व २०१७ साली ८,१९२ झाल्या. दर इंचास ५,०८० हा आकडा मात्र तेथेच राहिला.

तो का थांबला, याचे उत्तर याच फलकांच्या तांत्रिक वर्णनातील दुसऱ्या एका आकड्यात आहे. लेखणीची अचूकता तेथे ±०.२५ मिलिमीटर अशी दिलेली असते. १९६४ च्या फलकावरील दोन रेषांतील अंतर ०.२५४ मिलिमीटर होते, हे वर सांगितलेच आहे. चार दशकांत स्थान मोजण्याची पायरी पन्नासपट बारीक झाली. परंतु मोजलेले स्थान प्रत्यक्ष स्थानापासून किती ढळू शकते, ही मर्यादा साधारणपणे जुन्या फलकावरील एका घराएवढीच राहिली.

हे ढळणे चित्रकाराला जाणवत नाही, आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. पडदाविरहित फलकावर त्याचे लक्ष समोरच्या पडद्याकडे असते. संपूर्ण रेषा पाव मिलिमीटर डावीकडे सरकली तरी तिचा आकार बदलत नाही. त्याला हवी असते ती लगतच्या बिंदूंमधील परस्पर संगती, आणि ती सूक्ष्म विभेदनामुळे मिळते. येथे विभेदनाचा लाभ खरा आहे : रेषा सलग येते, मंदगतीने ओढलेल्या वळणात पायऱ्या पडत नाहीत. परंतु पडद्यावरच लेखणी टेकवावयाची ठरली की हीच चूक डोळ्यांसमोर येते. लेखणीचे टोक एका जागी आणि रेषा किंचित दुसऱ्या जागी, अशी स्थिती होते. म्हणजे जे माप एका साधनात दुर्लक्ष करण्याजोगे होते तेच दुसऱ्यात अर्थपूर्ण बनते. मापाचे मूल्य उपयोगावरून ठरते, हे तत्त्व येथे पुन्हा दिसते.

६. पडद्यावर टेकलेली लेखणी

लेखणी आणि चित्र एकाच जागी आणणाऱ्या उपकरणांत वाकॉमचे ‘सिंटिक’ हे २००१ पासूनचे प्रसिद्ध नाव. आरंभीच्या १५ इंची उपकरणात १,०२४ × ७६८ चित्रबिंदू होते. म्हणजे दर इंचास सुमारे ८५. एका बिंदूची रुंदी जवळजवळ ०.३ मिलिमीटर. लेखणीचे स्थान याच्या कितीतरी पट बारीक मोजले जात असले, तरी डोळ्याला रेषेचे दाते दिसत. शिवाय काचेच्या जाडीमुळे तिरके पाहिल्यास टोक आणि रेघ यांत अंतर पडे.

येथून पुढची वाढ मात्र खरोखर महत्त्वाची ठरली, आणि ती किती महत्त्वाची याचा हिशेब करता येतो. सामान्य दृष्टीस एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनातील भेद ओळखता येतो असे मानतात. डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर हे अंतर सुमारे ०.११६ मिलिमीटर भरते. ०.३ मिलिमीटरचा बिंदू या मर्यादेच्या अडीचपट मोठा, तो दिसणारच. पुढे त्याच वर्गातील १५.६ इंची उपकरणात ३,८४० × २,१६० बिंदू आले, म्हणजे दर इंचास सुमारे २८२ व एका बिंदूची रुंदी ०.०९ मिलिमीटर. ॲपल कंपनीच्या आयपॅडचा प्रवासही असाच आहे : २०१० साली दर इंचास १३२ बिंदू, २०१२ साली २६४, म्हणजे एक बिंदू सुमारे ०.०९६ मिलिमीटर. दोन्ही उपकरणांनी दृष्टीची सामान्य मर्यादा ओलांडली. अशा पडद्यावरून त्याहून सूक्ष्म पडद्याकडे जाणाऱ्यास नेहमीच्या अंतरावरून लाभ अल्पच होईल. ८५ बिंदूंवरून २६४ वर जाणाऱ्यास तो पहिल्याच रेषेत जाणवेल.

या वाढीची किंमतही मोजली पाहिजे. १,०२४ × ७६८ चित्रात ७,८६,४३२ बिंदू असतात. ३,८४० × २,१६० चित्रात ८२,९४,४००. म्हणजे साडेदहापट. प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास चित्राच्या एका थरास पूर्वी सुमारे ३१ लक्ष बाइट पुरत, आता ३ कोटी ३१ लक्षांहून अधिक लागतात. कुंचला रुंद असेल तर त्याच्या प्रत्येक फटकाऱ्यास तितकेच अधिक गणित करावे लागते. संगणक तेवढा समर्थ नसेल तर रेषा लेखणीच्या मागे रेंगाळते. हात पुढे आणि रेषा मागे, ही स्थिती दातेरी रेषेपेक्षाही चित्रकारास अधिक त्रासदायक असते, कारण ती हाताच्या लयीवरच आघात करते. आयपॅडवर २०१५ साली दाब व कल ओळखणारी लेखणी आली. पडद्याचे विभेदन मात्र २०१२ चेच राहिले. २०१९ साली केवळ आज्ञावलीतील सुधारणेने लेखणी व रेषा यांतील विलंब सेकंदाच्या २० सहस्रांशांवरून ९ वर आणण्यात आला. बिंदू एकही वाढला नाही, तरी साधन सुधारले.

स्थूल साधनाने काय साधता येते याचे उदाहरण म्हणून डेव्हिड हॉकनी यांचा निर्देश करणे योग्य होईल. त्यांनी २००९ पासून आयफोनवर व २०१० पासून आयपॅडवर चित्रे काढली. त्या आयपॅडवर दाब ओळखला जात नव्हता, आणि दर इंचास बिंदू १३२ च होते. तरीही यॉर्कशरमधील वुल्डगेट येथे २०११ च्या वसंतात त्यांनी काढलेल्या चित्रांचे मोठ्या आकाराचे ठसे लंडनच्या रॉयल अकॅडमीत २०१२ साली मांडण्यात आले. त्यांनी वापरलेली आज्ञावली चित्रातील फटकारे क्रमाने साठवी, म्हणून चित्र कसे घडत गेले तेही पुन्हा पाहता येई. बिंदूंचे चित्र मोठे केल्यास बिंदूच मोठे होतात. हालचालींची नोंद असल्यास तीवरून मोठे चित्र नव्याने रेखाटता येते. म्हणजे साठवणुकीचा प्रकार हाही विभेदनाइतकाच निर्णायक आहे.

७. देवनागरी अक्षर आणि बोरूचा कोन

आतापर्यंतचा इतिहास अमेरिका, इंग्लंड व जपान येथला आहे. परंतु याच साधनांनी देवनागरीची मुद्राक्षरे रेखाटली गेली असल्याने त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो.

हँबुर्ग येथील पीटर कारोव यांची ‘इकारस’ प्रणाली १९७५ साली जाहीररीत्या दाखवण्यात आली. मोठ्या आकारात काढलेले अक्षर फलकावर ठेवून त्याच्या कडेवरील निवडक बिंदू भिंगातील फुलीच्या साहाय्याने नोंदवले जात. अक्षराच्या चौकटीचे १५,००० भाग कल्पिलेले असत, म्हणजे विभेदन उदंड होते. तरीही कडेवरचा प्रत्येक बिंदू नोंदवला जात नसे. आरंभबिंदू, कोपरा, वळणावरचा बिंदू आणि सरळ रेषा वळणास मिळते तो बिंदू, एवढेच वर्ग असत. योग्य जागी थोडे बिंदू निवडणे हे कसब होते. अमेरिकेत डॉनल्ड क्नूथ यांच्या ‘मेटाफाँट’ने दुसरी वाट धरली : अक्षराची कडा न नोंदवता लेखणीचा मार्ग व तिच्या टोकाचा आकार यांचे वर्णन करावयाचे. मुंबईतील पिजूष घोष यांनी भारतीय लिप्यांची अक्षररचना व जुळणी यांविषयी केलेला अभ्यास १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अहवालरूपाने प्रसिद्ध झाला. या दोन वाटांतील फरक आपल्या लिपीच्या दृष्टीने मूलगामी आहे.

देवनागरी अक्षराची जाडी मूलतः दाबाने येत नाही. बोरूचे टोक रुंद व तिरके कापलेले असते. ते कागदावर ठरावीक कोनात धरले की रेषेच्या दिशेप्रमाणे ती जाड वा बारीक होते. लवचीक टोकाची पाश्चात्त्य लेखणी व पूर्व आशियातील कुंचला यांत दाबास जे महत्त्व आहे ते बोरूमध्ये कोनास आहे. दाबाच्या १,०२४ पायऱ्यांच्या जागी ८,१९२ केल्या तरी बोरूच्या कोनाची एकही पायरी त्यात वाढत नाही. कोन अक्षरभर एकच राहत असेल तर अडचण नाही. केवळ स्थान नोंदवून आज्ञावली जाडीचे गणित करू शकते, आणि मेटाफाँटची लेखणी हेच करते. परंतु कुशल लेखक रेषेच्या शेवटी बोटांत बोरू किंचित फिरवून टोक आवळतो. हे फिरवणे नोंदवण्यासाठी लेखणी स्वतःभोवती किती वळली हे माप हवे. कलाचे माप त्यास पुरत नाही. लेखणी कोणत्या बाजूस झुकली आणि ती आपल्या अक्षाभोवती किती वळली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाकॉमने असे वळण ओळखणारी एक वेगळी लेखणी दिली होती. आयपॅडच्या लेखणीत ही सोय २०२४ साली आली. तेव्हाही पडद्याचे विभेदन दर इंचास २६४ च होते.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. विभेदन कमी पडल्याने देवनागरीचे रोमनपेक्षा अधिक नुकसान होते. १२ पॉइंटाचे अक्षर दर इंचास ९६ बिंदूंच्या पडद्यावर १६ बिंदूंच्या उंचीत बसवावे लागते. तेवढ्यात शिरोरेखा, तिच्यावरील मात्रा व अनुस्वार, मधले अक्षर आणि खालचा उकार सामावावयाचे. ‘व’ आणि ‘ब’ यांतील भेद पोटातील एका रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद माथ्याच्या लहानशा वळणाचा. ती रेघ वा ते वळण बुजले तर वेगळेच अक्षर वाचले जाते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा विंडोज २००० बरोबर आलेला टंक अशाच स्थूल पडद्यांच्या काळातला आहे. हस्तलेखनाची परंपरा आणि संगणकीय मुद्राक्षर या दोन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या कवी-अक्षरकाराच्या कामाचे मोल या मर्यादा लक्षात घेऊनच ठरवावे लागेल. जेथे अक्षरांतील भेदच धोक्यात येतो तेथे विभेदन वाढवणे ही चैन नव्हे, गरज होय.

८. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की विभेदनास उंबरठे असतात. उंबरठ्याखालील साधन अर्थपूर्ण भेद गमावते. तेथून वर येणे ही खरी प्रगती होय. उंबरठ्यावरील वाढ लाभ देत नाही असे नाही, परंतु तो लाभ आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही, आणि गणिताचा भार मात्र त्या प्रमाणात वाढतो. दुसरी, प्रत्येक काळात अडचणीचे स्थान वेगळे असते : कधी पडदा, कधी अचूकता, कधी काचेची जाडी, कधी विलंब. अडचण एका जागी असताना दुसऱ्या जागचा आकडा वाढवणे व्यर्थ. तिसरी, या साधनाच्या सुधारणेतील मोठे टप्पे पुष्कळदा नवे माप जोडल्याने आले आहेत. दाब, कल आणि वळण ही त्याची उदाहरणे.

यांतील तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची आहे. बोरूने देवनागरी व मोडी लिहिणाऱ्यांचे हात नोंदवून ठेवण्याचे काम कोणी हाती घेतले तर ज्या मापाची नोंद साधनात होत नाही ते त्या संग्रहातून कायमचे गळेल. रेषेची जाडी पुढे कागदावरून मोजता येईल. हाताची गती, विराम आणि बोटांतील वळण कागदावरून निश्चितपणे परत मिळवता येणार नाहीत. म्हणून नवा फलक घेताना प्रथम विचारावयाचा प्रश्न एका इंचात किती रेषा, हा नव्हे. आपल्या लेखणीच्या परंपरेत अर्थ कोणत्या हालचालीत साठलेला आहे, आणि ती हालचाल हे साधन मोजते काय, हा आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर मध्यम विभेदनाचा जुना फलकही अभ्यासास पुरेसा ठरेल. नकारार्थी असेल तर सर्वात सूक्ष्म फलकावरही आपण त्या अक्षराचा केवळ सांगाडाच नोंदवू.